एकच वाट गिरव

चिरंजीव,

तुझा मेसेज दोनदा वाचला. लांबलचक होता, पण खरा प्रश्न शेवटच्या ओळीत होता: ‘काका, माउंटन बाइक, म्हणजे डोंगरवाटांवरची सायकल, घेऊन महिना झाला. जानेवारीत आम्ही चौघं आतकरवाडीच्या पायवाटेने सिंहगड उतरणार आहोत. तोपर्यंत जमेल ना?’ फोनवर उत्तर दिलं असतं तर तू ‘हो काका, हो काका’ करत ऐकून घेतलं असतंस आणि करायचं तेच केलं असतंस. म्हणून लिहून काढतोय.

नाही जमणार. आणि जमलं तरी करू नकोस. ती वाट चालणाऱ्यांची आहे. रविवारी पहाटेपासून तिथे माणसांची रीघ असते, वळणावळणावर दह्याची मडकी आणि काकड्यांच्या टोपल्या घेऊन मावश्या बसलेल्या असतात. उतार असा की दोन्ही ब्रेक दाबूनही सायकल सरकत राहते. तिथे तू पडलास तर एकटा पडणार नाहीस, आणखी दोघांना घेऊन पडशील.

सिंहगड कुठे पळून जात नाही. तोवर माझं एक ऐक. आपल्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची एकच वाट धर आणि लहानपणी पाटीवर ‘अ’ गिरवायचास तशी ती गिरव. दर आठवड्याला नवी वाट, नवा व्हिडिओ, स्ट्राव्हा अ‍ॅपच्या नकाशावर नवी रेघ, असं तुमचं चाललेलं असतं. त्याने वाटा पुष्कळ होतात, हात बसत नाही. नव्या वाटेवर पडलास तर वाट वाईट होती की तू चुकलास हे तुला कळतच नाही. ओळखीच्या वाटेवर पडलास की चूक कुणाची याबद्दल वाद उरत नाही.

आता कोणती वाट धरायची? अमेरिकेसारख्या देशांत ट्रेलच्या, म्हणजे अशा वाटेच्या, तोंडाशीच बऱ्याचदा पाटी असते. हिरवा गोल म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड. ही खुणांची पद्धत स्कीइंगच्या उतारांवरून उचललेली. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने तिला मापं जोडली. हिरव्या वाटेवर टाळता न येणारा अडथळा 2 इंचांपेक्षा उंच नसावा, निळ्यावर तो 8 इंचांपर्यंत चालतो. हिरवी वाट साधारण 36 इंच रुंद, निळी 24. म्हणजे आपल्या भाषेत, तीन बोटं उंच दगड असेल तर हिरवी आणि वीतभर असेल तर निळी. आपल्या टेकड्यांवर अशा पाट्या नाहीत, तेव्हा रंग आपणच ठरवायचा. वेताळबाबाच्या देवळाकडे जाणारा वरच्या पठारावरचा रुंद कच्चा रस्ता हिरवा समज. ग्लिरिसिडियाच्या झाडीतून पाषाणच्या अंगाला उतरणारी जी अरुंद वाट मी तुला दाखवली होती, ती निळी. पण ऋतूप्रमाणे रंग बदलतो, एवढं ध्यानात ठेव. नोव्हेंबरात हिरवी वाटणारी वाट फेब्रुवारी-मार्चमध्ये ग्लिरिसिडियाची पानं गळली की निळी होते, कारण खालचे दगड दिसत नाहीत.

त्या निळ्या वाटेवर पहिल्या वळणानंतर, दोन झाडांच्या मध्ये, काळ्या बसाल्टची एक पायरी आहे. वीतभर उंच, वरून गुळगुळीत, डावीकडे किंचित कललेली. तिच्याखाली लगेच मुरूम आणि मुरमात लिंबाएवढे सुटे दगड. आम्ही तिला ‘टोलनाका’ म्हणतो, काहीतरी वसूल केल्याशिवाय ती कुणाला सोडत नाही. माझ्याकडून तिने कॉलरबोन घेतलं. 2012 चा मार्च होता. पानांखाली पायरीची कड दिसेना, मी घाबरलो आणि ऐन कडेवर उजवा ब्रेक मूठ आवळून दाबला. पुढचं चाक थांबलं, मी थांबलो नाही. हँडलवरून जाताना माझ्या बुटाची नाडी सुटलीय एवढंच मला दिसलं. पुढचे सहा आठवडे हात झोळीत. काकूने रोज माझ्या शर्टाची बटणं लावली आणि प्रत्येक बटणामागे एक वाक्य ऐकवलं.

चूक कुठे झाली ते नीट समजून घे, कारण अर्धं माउंटन बायकिंग त्यातच आहे. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं. उतारावर ते आधीच पुढे आलेलं असतं. त्यात चाक पायरीवरून खाली जात असताना ब्रेक दाबलास तर सायकलला उलटण्याखेरीज काही उरत नाही. म्हणून वेग कमी करायचा तो पायरीच्या आधी, सरळ आणि सपाट जागी. कडेवर पोचताना बोटं सैल. चाक खाली टेकलं, सायकल सरळ झाली, की मग पुन्हा ब्रेक. वळणाचंही तेच: ब्रेक आधी, वळण नंतर. आणि दाबायचा तो एकाच बोटाने. तुझ्या सायकलला हायड्रॉलिक डिस्क, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आहेत, तर्जनी पुरते. बाकी चार बोटांनी हँडल धर.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. बाहेरून आणलेल्या सायकलींवर तो बऱ्याचदा डाव्या हाताला असतो. मित्राची सायकल घेशील तेव्हा आधी उभ्यानेच दोन्ही दाबून बघ. हे उतारावर कळण्यात मजा नाही.

पुढचा ब्रेक वापरूच नको असं तुला कुणीतरी सांगितलंय म्हणे. त्या माणसाचं ऐकू नकोस. थांबवण्याचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो, मागचा एकटा दाबलास तर चाक फरफटतं आणि वाट उकरली जाते. दोन्ही हळूहळू, दाबत-सोडत वापरायचे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅम या डोंगराच्या परिसरात 1976 साली ज्या शर्यतीपासून या खेळाची गोष्ट सांगतात, तिचं ‘रीपॅक’ हे नावही ब्रेकवरूनच पडलंय. ती मुलं पेपर टाकणाऱ्या पोरांच्या जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून सुटायची. त्यांना कोस्टर ब्रेक, म्हणजे पॅडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबणार. खाली पोचेपर्यंत चाकाच्या मधला हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं आणि दर फेरीनंतर ते नव्याने भरावं लागायचं. म्हणून रीपॅक. पुढे 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. जुन्या सायकलींवर सुरू झालेला खेळ इथवर पोचला, हे सांगतोय कारण तू मेसेजमध्ये चार ओळी नव्या फोर्कवर, म्हणजे पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या भागावर, खर्च केल्यास. तुझा 100 मिलिमीटर दबणारा फोर्क या टेकडीला भरपूर आहे.

सायकलीकडे बघायचंच असेल तर आधी हवेकडे बघ. पंक्चरवाला पन्नास-साठ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून ‘टाइट केलंय साहेब’ म्हणतो. तेवढ्या हवेत टायर दगडावरून चेंडूसारखा उडतो. तुझं वजन साधारण 65 किलो, टायर 2.2 इंची, आत ट्यूब, म्हणजे मागे 30 आणि पुढे त्याहून दोन कमी ठेवून बघ. फार कमी केलीस तर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतील, साप चावल्यासारखी. तशी पडली की दोन पीएसआय वाढव. हवा मोजायच्या एका गेजची आणि आकडे टिपायच्या एका वहीची सवय लाव. आणि बाभळीचे नि सराट्याचे काटे असणार हे गृहीत धरून ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, भर. पंक्चरच्या दुकानापर्यंत सायकल ढकलत नेण्यात माझा एक अख्खा हिवाळा गेलाय.

दुसरं, दुकानातून जोडून आलेली सायकल एकदा जाणत्या माणसाला दाखव. माझ्या पहिल्या सायकलीचा फोर्क दुकानदाराने उलटा बसवून दिला होता. मी तीन महिने तशीच चालवली आणि हँडल नाचतं म्हणून स्वतःलाच दोष देत राहिलो. शिवाय तिच्या फ्रेमवर बारीक अक्षरात ‘कच्च्या रस्त्यावर वापरू नये’ अशा अर्थाचा स्टिकर होता. वर मोठ्या अक्षरात मात्र ‘माउंटन’.

आता अंग. उतार सुरू होण्याआधी सीट तीन-चार बोटं खाली घे. पॅडल जमिनीला समांतर, घड्याळात तीन आणि नऊ वाजावेत तशी. उभा राहा, पण ताठ नको, गुडघे आणि कोपर वाकलेले, कोपरं बाहेर, टाचा खाली दाबलेल्या. वजन तळपायांवर, हातांवर नको. हात दुखत असतील तर समज की तू हँडलला लोंबकळतोयस. सायकल खाली हलेल, नाचेल, तिला नाचू दे. बैलगाडीत उभं राहून कधी गेला असशील तर तुला कळेल मी काय म्हणतोय. नसशीलच गेला.

चढावर उलट. बसून राहायचं, सीटच्या टोकाकडे सरकायचं, छाती हँडलकडे. गियर चढ लागायच्या आधी हलका करून घ्यायचा. पाय जोरात लावत असताना गियर बदललास तर चेन जो आवाज करते तो तू मागच्या शनिवारी ऐकलायस.

नजरेचं मात्र मला समोर उभं राहूनच शिकवता येईल. तरी सांगतो. तू पुढच्या चाकाकडे बघतोस. तिथे जे आहे त्याचं आता काहीच करता येत नाही. चार-पाच सायकलींच्या लांबीइतकं पुढे बघ, वेग वाढला की आणखी पुढे. आणि दगडाकडे बघू नकोस, दगडाच्या बाजूच्या जागेकडे बघ. नजर टोलनाक्यावर अडकली की सायकल तिथेच जाऊन अडकते. मी पायरीपलीकडच्या एका झाडाला गेरूने ठिपका काढायचा विचार केला होता, मग झाडावर कशाला, म्हणून सोडून दिला. तू त्या झाडाकडे बघ, ठिपका आहे असं समजून.

आता गिरवायचं कसं ते. पहिल्या दिवशी सायकल वर टेकवून ठेव आणि पूर्ण वाट चालत उतर. टोलनाक्याजवळ खाली बस, हाताने पायरी चाचप. चाक कुठून न्यायचं ते ठरव. उजवीकडून गेलास तर कल कमी आहे, पण मूळ वर आलंय. मग तिसऱ्या वेळेपर्यंत तिथे उतरून सायकल हाताने न्यायची, लाज वाटून घ्यायची नाही. मीही पाऊस नुकताच संपलेला असला की उतरतो. चौथ्या-पाचव्या वेळेला चालवत. विसाव्या वेळेला तुझ्या लक्षात येईल की पायरीचं तू विसरून गेलास आणि पुढच्या वळणाचा विचार करत होतास. हीच वाट मी सोळा वर्षं चालवतोय आणि गेल्याच महिन्यात मला कळलं, की दुसऱ्या वळणाच्या आतल्या बाजूला दगड नाहीच, तिथून सरळ जाता येतं. इतकी वर्षं मी उगाच लांबून फिरत होतो.

चालणाऱ्यांबद्दल. टेकडी आधी त्यांची. रविवारी सकाळी सहा ते आठ तू तिथे दिसू नकोस. घंटी लाव, खिदळू दे मित्रांना. मागून ‘साइड, साइड’ ओरडायचं नाही. मी एकदा ओरडलो, तर एक आजोबा दचकून नेमके माझ्याच बाजूला सरकले. दोघंही वाचलो, पण त्यांचा हात फांदी धरून बराच वेळ थरथरत होता. ते काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून अरुंद वाटेवर माणूस दिसला की मी पाय टेकतो, ‘नमस्कार, जाऊ का पुढे?’ विचारतो. आता त्यातले चौघं मला नावाने ओळखतात आणि कुठे झाड पडलंय ते आधीच सांगतात. खालून सायकल चढवत कुणी आलं तर उतरणाऱ्याने थांबायचं, चढावर पुन्हा सुरुवात करणं जड जातं. वन खात्याची जिथे मनाईची पाटी असेल तिथे वाद न घालता परत फिरायचं. आणि खाणीच्या कडेच्या वाटा आपल्यासाठी नाहीत, तिथे चुकीला जागाच नाही.

जून ते सप्टेंबर तर वरची कुठलीच वाट नको. बसाल्टवर शेवाळ चढलं की तो साबण होतो, आणि ओल्या मातीत चाकाने पडलेली चर पुढच्या पावसात ओढा होते. दसरा ते होळी हा आपला हंगाम. मुरूम पावसानंतर दोन-तीन दिवसांत वाळतो, काळी माती नाही वाळत. ती चाक आणि फ्रेमच्या मध्ये अशी गच्च बसते की सायकल खांद्यावरून आणावी लागते.

हेल्मेट, हातमोजे, दीड-दोन लिटर पाणी, सुटी ट्यूब, छोटा पंप. एकटा जाणार असशील तर कुठली वाट आणि किती वाजता परत, एवढं आईला सांगून जा. आणि 108 फोनमध्ये ठेव.

तुझ्या त्या तीन मित्रांना हे पत्र दाखवलंस तरी चालेल. मला म्हातारा म्हणतील, म्हणू दे. जानेवारीत चौघांनाही सिंहगडावर चालत घेऊन चल, मी येतो. झुणका-भाकरी माझ्याकडून.

बुधवारी सुट्टी आहे ना तुला? सव्वासहाला पाषाणच्या बाजूने वर ये. गेज मी आणतो. नाडी दोनदा बांध, टोकं आत खोच. सायकली वरच ठेवू आणि आधी टोलनाक्यापर्यंत चालत जाऊ.

काका