लातूरला ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. पहिलं डिले पेडल (वाजवलेला सूर प्रतिध्वनीसारखा पुन्हा ऐकवणारं) ॲनालॉग घ्यावं की डिजिटल?

डिजिटल घ्या, आणि टॅप टेम्पो (पायाने ठेका देऊन रिपीटचा वेग ठरवायची सोय) असलेलंच घ्या. मीही परभणी-नांदेडकडे लग्नांत, गणपतीत वाजवतो. तिथे गाण्याला गाणं लागून येतं, खाली वाकून नॉब फिरवायला सवडच मिळत नाही. ढोलकीचा ठेका धरून पायाने बटण दाबलं की रिपीट तालात बसतात. दोन रिपीटमधल्या अंतराचा हिशोब सोपा आहे: 60000 भागिले बीपीएम (मिनिटाला पडणारे ठोके). म्हणजे 120 च्या लयीला 500 मिलिसेकंद, डॉटेड एट्थ (पाऊण ठोक्याचं अंतर) हवा असेल तर 375.

ॲनालॉगचा आवाज गोड, यात वादच नाही. आवाज टप्प्याटप्प्याने पुढे सरकवणाऱ्या बकेट ब्रिगेड चिपमुळे प्रत्येक रिपीट आधीच्यापेक्षा मऊ होत जातो, मूळ सुराच्या अंगावर येत नाही. एमएक्सआर कार्बन कॉपी त्यातलं नावाजलेलं, पण 600 मिलिसेकंदांपर्यंतच जातं आणि साध्या मॉडेलला टॅप नाही. डिजिटलमधल्या बॉस डीडी-8 मध्ये ॲनालॉग आणि टेपचे मोडही मिळतात. त्याच्या टॅपसाठी पेडल दाबून धरावं लागतं, म्हणून वेगळा फूटस्विच जोडाच.

पत्र्याच्या मंगल कार्यालयात आवाज आधीच घुमतो. तिथे दोनच रिपीट ठेवा आणि रिपीटची लेव्हल घरच्यापेक्षा बरीच खाली आणा, नाहीतर गायकाचे शब्दच कळत नाहीत.

ॲडॅप्टर 9 व्होल्टचा, सेंटर निगेटिव्ह (पिनचा मधला भाग ऋण) बघून घ्या. डिजिटल पेडल बॅटरी लवकर खातं. रात्रीचा कार्यक्रम बॅटरीच्या भरवशावर करू नका.