नंबर पाऊण, वय सतरा, आणि वायुसेनेचा अर्ज

मे २०२२. नुकतीच बारावी दिलेला मुलगा, त्याचे आई-वडील आणि डोळ्यांच्या दवाखान्याची फाईल. वडिलांचं पहिलंच वाक्य होतं, "सर, पोराचं लेसरचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी ठरवलंय. तेवढं झालं की एनडीएतनं पायलटला बसता येईल ना?" (ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही, काही तपशीलही बदलले आहेत.)

उजव्या डोळ्याचा नंबर उणे एक, डाव्याचा उणे पाऊण. मुलाचं वय १७ वर्षं ९ महिने. क्लासमध्ये कुणीतरी सांगितलं होतं, "लेसर करून टाक, मेडिकलला कळतसुद्धा नाही." ऑपरेशनचे पैसे उसने घेऊन झाले होते.

चष्मा असलेल्या मुलाला वायुसेनेत पायलट होता येतं का, हा प्रश्न आमच्याकडे मार्गदर्शनाला येणाऱ्यांकडून सगळ्यांत जास्त येतो. त्याचं नुसतं 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देणारा माणूस मुलाचं नुकसान करतो. या मुलासाठी उत्तर असं होतं: एनडीएच्या, म्हणजे बारावीनंतरच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या वाटेनं पायलट नाही, पदवीनंतरच्या वाटेनं होता येईल, आणि मंगळवारी ऑपरेशन केलं तर ती दुसरी वाटही बंद होईल.

आधी नियम पाहू. फ्लाइंग शाखेसाठी, म्हणजे पायलट व्हायला, एका डोळ्याची दृष्टी चष्म्याविना ६/६ लागते. दुसऱ्याची ६/९ चालते, पण ती ६/६ वर येताना फक्त अधिक नंबरची काच लागलेली असली पाहिजे. उणे नंबर शून्य. शिवाय हे नुसत्या तक्त्यावरून ठरवत नाहीत, रेटिनोस्कोपीनं तपासतात, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून नंबर थेट मोजतात. अनेक मुलं तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचतात आणि तरीही बाद होतात, कारण डोळे बारीक करून त्यांनी थोडा उणे नंबर झाकलेला असतो. म्हणून अर्जाआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून थेंब टाकून तपासणी करून घ्यावी. चष्म्याच्या दुकानातलं मशीन त्यासाठी पुरेसं नाही. रंगदृष्टीही त्याच वेळी पाहून घ्यावी. तिथे दोष निघाला तर कुठलंच ऑपरेशन उपयोगाचं नाही, आणि ते बाराव्या वर्षी कळलेलं बाविसाव्या वर्षी कळण्यापेक्षा बरं.

आता लेसर. वायुसेना लॅसिक आणि पीआरके (लेसरच्या दोन पद्धती) झालेले उमेदवार घेते, पण अटी आहेत. ऑपरेशन वयाच्या २० वर्षांआधी झालेलं नसावं. ऑपरेशनला किमान १२ महिने उलटलेले असावेत आणि त्यात कुठलीही गुंतागुंत नसावी. डोळ्याची पुढून मागे लांबी, म्हणजे अ‍ॅक्सियल लेंग्थ, २५.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. ऑपरेशननंतर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी ४५० मायक्रॉनच्या खाली नसावी. आधीचा नंबर ६ पेक्षा जास्त असेल तर घेत नाहीत. रेडियल केराटॉटॉमी ही जुनी चिरे पाडायची पद्धत तर कुठल्याच कामासाठी चालत नाही. आणि हे सगळं पाळूनही पायलटचे वरचे दृष्टीचे निकष पुरे व्हावेच लागतात.

लांबीची अट कशासाठी, असं आईनं विचारलं. प्रश्न अगदी योग्य होता. उणे नंबरचा डोळा बहुधा थोडा लांब वाढलेला असतो. लेसर फक्त पुढचा पडदा घासून आकार बदलतं, डोळा लांबचा लांबच राहतो. लांब डोळ्यात मागचा दृष्टिपटल ताणलेला असतो आणि तो फाटायचा, सुटायचा धोका जास्त. काच गेली म्हणून धोका जात नाही, म्हणूनच मेडिकलवाले लांबी मोजतात. "कळत नाही" म्हणणारा किती चुकीचं सांगत होता, ते इथे दिसतं.

वीस वर्षांची अट त्याहून सोपी. सतराव्या वर्षी नंबर अजून बदलत असतो. आज शून्य केला तरी दोन वर्षांनी अर्धा परत येऊ शकतो. एनडीएसाठी वय साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणजे वीस पूर्ण होण्याआधीच ती खिडकी बंद होते. एनडीए आणि मान्य होणारं लेसर या दोन गोष्टी एकत्र बसूच शकत नाहीत. हे पटायला वडिलांना बराच वेळ लागला. शेवटी त्यांनी फोन काढून दवाखान्यात मंगळवार रद्द केला. मुलगा मात्र रडला. एनडीएतनं पायलट होणार असं त्यानं आठवीत ठरवलं होतं, आणि चार वर्षं पाहिलेली गोष्ट एका दुपारी सोडून दे म्हणणं सोपं नसतं. त्या दिवशी पुढचं काही बोललो नाही. दुसऱ्या भेटीला तारखा घेऊन बसलो.

त्या भेटीत आधी एनडीएचा अर्ज काढला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अर्जात पसंतीक्रम भरावा लागतो, आणि मुलं 'वायुसेना फ्लाइंग' हा पर्याय स्वप्न म्हणून सगळ्यांत वर टाकतात. उणे नंबर असताना तसं करण्यात मोठा धोका आहे, तो म्हणजे सीपीएसएस. ही पायलटसाठीची संगणकावरची चाचणी. दांडा आणि पायाची पेडलं एकाच वेळी सांभाळणं, उपकरणांचे काटे वाचणं, लक्ष दोन-तीन ठिकाणी वाटूनही चूक न करणं, असं त्यात तपासतात. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झाला तर एनडीए असो, की पदवीनंतरच्या सीडीएस आणि एएफकॅट या परीक्षा, कुठूनही पुन्हा फ्लाइंगला जाता येत नाही. सीपीएसएस लेखी परीक्षेनंतरच्या निवड मंडळातच होते, मेडिकल त्याच्या नंतर. म्हणजे मेडिकलला हमखास बाद होणारा मुलगा अठराव्या वर्षी, तयारी नसताना, आपली एकुलती एक संधी खर्च करून बसतो. त्याच्या एवढ्या नंबरला भूदलात अडचण नव्हती. म्हणून त्यानं फक्त भूदल भरलं. आम्ही हा सल्ला सगळ्यांना देत नाही. ज्यांचे डोळे स्वच्छ आहेत त्यांनी फ्लाइंग पहिलं भरायलाच हवं, कारण एनडीएत वायुसेनेच्या १२० जागांपैकी ९२ अलीकडच्या जाहिरातींत फ्लाइंगच्याच असतात.

मग मापं घेतली. उंची किमान १६२.५ सेंटीमीटर. बसलेल्याची उंची ८१.५ ते ९६, पायाची लांबी ९९ ते १२०, मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंटीमीटर. नुसत्या उंचीत बसणारी मुलंही इथे अडकतात. कॉकपिटची जागा ठरलेली असते. पाय आखूड तर रडर पेडलपर्यंत पूर्ण दाब पोचत नाही. मांडी लांब तर सीटसकट बाहेर फेकलं जाताना गुडघा पुढच्या पॅनेलला आपटतो. बसलेली उंची जास्त तर डोकं काचेच्या छताला टेकतं. घरी मोजायचं तर भिंतीला पाठ आणि ढुंगण पूर्ण टेकवून सपाट जमिनीवर बसावं, पाय सरळ समोर पसरावेत, आणि भिंतीपासून टाचेपर्यंत मोजावं. उशी, सतरंजी नको. मुलाच्या पायाची लांबी १०४ भरली, बाकीचंही मापात होतं. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा हसला.

इतर शाखांतल्या मुलांनी एक लक्षात ठेवावं. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही हवेत, एएफकॅटला दोन्हींत प्रत्येकी किमान ५० टक्के, आणि पदवीला ६० टक्के. गणित सोडून जीवशास्त्र घेतलेली हुशार मुलं-मुली दर वर्षी येतात, आणि त्यांना आम्ही फ्लाइंगचा मार्ग काढून देऊ शकत नाही. हा निर्णय दहावीच्या निकालाच्या आठवड्यात घाईत होतो, तिथेच विचारायला हवं.

या मुलाचं कागदावर उतरवलेलं वेळापत्रक असं होतं. जन्म ऑगस्ट २००४. सप्टेंबर २०२२ आणि एप्रिल २०२३ या एनडीएच्या दोनच परीक्षा त्याच्या वयात बसत होत्या. सोबत बी.एस्सी., २०२५ ला पूर्ण. ऑगस्ट २०२४ ला वीस वर्षं पूर्ण, त्यानंतर लेसर. पुढे बारा महिने थांबायचं. एएफकॅटला वय २० ते २४ हे कोर्स सुरू होतानाचं धरतात. फेब्रुवारीच्या परीक्षेचा कोर्स पुढच्या जानेवारीत, ऑगस्टच्या परीक्षेचा पुढच्या जुलैत. तसं मोजलं तर ऑगस्ट २०२५ ते ऑगस्ट २०२७ अशा पाच परीक्षा त्याला मिळत होत्या, सीडीएस वेगळी. आईनं तो कागद देवघराशेजारी चिकटवला.

एनडीएचं काय झालं? पहिल्यांदा लेखी गेली, चूक नेहमीचीच. गणिताचे १२० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, चुकल्यास ०.८३ वजा. सगळे सोडवायच्या नादात अंदाजाची उत्तरं ठोकली. दुसऱ्यांदा लेखी निघाली आणि भोपाळच्या निवड मंडळातून पहिल्याच दिवशी परत आला. पहिल्या दिवशी बुद्धिमापनाच्या चाचण्या आणि चित्रावरून गोष्ट असते. चित्र ३० सेकंद दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात सांगून चर्चा. त्यानं क्लासमधली पाठ केलेली गोष्ट लिहिली होती, चित्रात काहीही असो, नायक गावात स्वच्छता मोहीम काढणारच. मंडळाला तशा गोष्टी रोज दिसतात. शिवाय चर्चेत तो गप्प राहिला, कारण स्वतःचीच गोष्ट त्याला खरी वाटत नव्हती.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही त्याला गोष्टी लिहायला बसवलं नाही. कॉलेजच्या वसतिगृहात मेसची जबाबदारी घ्यायला सांगितली, हिशेब ठेवायचा, आचारी न आल्यास चाळीस मुलांचं जेवण कसं होईल ते बघायचं. निवड मंडळात शब्द बघून १५ सेकंदांत वाक्य लिहिणं, असे ६० शब्द, किंवा अर्ध्या तासात ६० प्रसंगांवर प्रतिक्रिया, इथे विचार करायला वेळच नसतो. हाताशी जगलेलं असेल तेच उतरतं. लेखी निघाल्यावर एकच ठिकाण आवर्जून सुचवतो, नाशिक रोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र. लेखी उत्तीर्ण झालेल्या महाराष्ट्रातल्या उमेदवारांना तिथे राज्य सरकार निवास-भोजनासह मोफत तयारी करून देतं. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची. उसने पैसे काढून महागडे क्लास लावण्याआधी तिथे जावं.

आईचा दुसरा प्रश्न नोकरीचा होता. एएफकॅटनं फ्लाइंगला जाणाऱ्यांची सेवा १४ वर्षांची असते आणि तिला पेन्शन नाही. सीडीएसनं जाणाऱ्यांना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची अधिकारीपदाची सेवा, मिळतं. प्रशिक्षण हैदराबादजवळच्या डुंडिगलला, खर्च सरकारचा, वर विद्यावेतन. आईला दोन्ही ऐकून घ्यायचं होतं, आम्ही दोन्ही सांगितलं. कायम कमिशनसाठी त्यानं सीडीएसही द्यावं, असं ठरलं.

ऑगस्ट २०२४ ला पुन्हा तपासणी झाली. नंबर उणे दीड आणि उणे सव्वा. सतराव्या वर्षी घासून घेतलं असतं तर हा वाढलेला अर्धा नंबर ऑपरेशननंतर उगवला असता. मागचं वर्षभर मात्र बदल नव्हता. लांबी २४.३ मिलिमीटर, म्हणजे अटीच्या आत. पडद्याची जाडी पुरेशी, ऑपरेशननंतर ४५० च्या बरीच वर राहील असं डॉक्टरांनी लिहून दिलं. ऑपरेशन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झालं. डॉक्टरांकडून चार गोष्टी लेखी घेतल्या: ऑपरेशनची तारीख, पद्धत, आधीचा नंबर, आणि आधीची लांबी व जाडी. मेडिकलला ऑपरेशन लपवायचं नाही, विचारण्याआधी फाईल पुढे ठेवायची. लपवलेलं सापडलं तर डोळ्यांपेक्षा माणसावर प्रश्न येतो.

बाकी मेडिकलसाठी दातांचे किमान १४ गुण (निरोगी दातांना दिले जाणारे), कानातला मळ, वजन आणि पाठीचा कणा आधीच पाहून घेतले. सीटसकट बाहेर पडताना कण्यावर जबर भार येतो म्हणून फ्लाइंगला पूर्ण कण्याचा एक्स-रे होतो. मळ, वजन, पडलेला दात अशी कारणं दुरुस्त होणारी असतात. त्यावर 'अपात्र' शिक्का बसला तरी अपील मंडळ आहे, पण मंडळ तिथल्या तिथे सांगतं त्या मुदतीतच अर्ज करायचा. त्याच्या पुढचं पुनर्विलोकन मंडळ मात्र हक्कानं मिळत नाही. "मेडिकल मॅनेज करून देतो" म्हणणारा भेटला तर तिथूनच उठावं.

ऑगस्ट २०२५ ची एएफकॅट त्यानं दिली. १०० प्रश्न, दोन तास, बरोबर उत्तराला ३, चुकीला वजा १. या वेळी ७८ सोडवले, उरलेले कोरे ठेवले. निकाल लागल्यावर निवड मंडळाच्या तारखा संकेतस्थळावर निवडायच्या होत्या. सुरुवातीची तारीख घ्यावी असं मित्र म्हणत होते. त्यानं भिंतीवरचा कागद काढून आणला, ऑपरेशनपासूनचे बारा महिने बोटांवर मोजले, आणि नोव्हेंबरमधली तारीख निवडली.