पोरगं देव मानेना झालंय

देव न मानणारं तरुण पोर आणि त्याच्या काळजीनं झोप उडालेली आई, ही जोडी माझ्याकडे समुपदेशनाला वरचेवर येते. ओळखीच्या सगळ्या खुणा बदलून त्यातली एक सांगते.

शिरोळ तालुक्यातल्या ताई भौतिकशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या मुलाला घेऊन आल्या होत्या. तो बाहेर बसला. ताई खुर्चीत टेकायच्या आधीच बोलायला लागल्या, "मॅडम, गणपतीच्या आरतीला ह्यो उठला न्हाई. वर म्हणतोय, देव न्हाई, मग जगण्याला तरी काय अर्थ हाय? मी रोज समजावतो, ऐकतच न्हाई. कुणाचं बघून बिघडला असंल ओ?"

आईला सलत होतं 'देव न्हाई' हे. मला 'जगण्याला काय अर्थ' याचा कस लावायचा होता. म्हणून त्याच्याशी एकट्याशी बोलले. झोप कशी लागते, जेवण जातं का, मित्रांत मन रमतं का, आणि स्वतःला संपवावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. असं विचारल्यानं डोक्यात नसलेलं भरतं, ही समजूत चुकीची आहे. तो हसलाच. "तसलं काय न्हाई मॅडम. परवा पांढऱ्या रश्श्याच्या चार वाट्या झाल्या." प्रबंधाचं काम वेळेवर, संध्याकाळी क्रिकेट. उत्तरं वेगळी आली असती, म्हणजे दोन आठवडे झोप नाही, कशात गोडी नाही, मरणाचे विचार येतात, तर देवाचा वाद बाजूला ठेवून मी आधी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं असतं. रात्री-अपरात्री अशी वेळ आली तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे.

प्रत्येक नास्तिकाच्या मागे एखादी जखम शोधायची खोड आमच्या व्यवसायाला आहे. मला ती आवडत नाही. काही माणसं खरोखरच विचार करून तिथे पोचतात. हा त्यातला होता. विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं, त्यात आपली सत्तर-ऐंशी. सगळं नियमानं चाललंय, कुणी चालवत नाहीये. मग आपण धडपडायचं कशासाठी, असा त्याचा हिशेब.

पुरावा म्हणून त्यानं कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव काढला. देवी पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि नंतर 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पायांपासून चढत चेहऱ्यापर्यंत जातात. माझ्याच वहीवर त्यानं रेघ ओढली : मधोमध 22 डिसेंबर, म्हणजे वर्षातला सगळ्यात लहान दिवस, अलीकडे 10 नोव्हेंबर, पलीकडे 1 फेब्रुवारी. "इकडं 42 दिवस, तिकडं 41. दोन्ही वेळेला सूर्य क्षितिजावर जवळजवळ त्याच जागी बुडतो. चमत्कार कुठाय ह्यात? आणि ढग आला, नायतर वाटेत उंच इमारत आली, की किरणं देवीपर्यंत पोचतच नाहीत."

मी म्हटलं, "बरोबर आहे. पण ज्यानं देऊळ बांधताना ही दिशा हेरली असेल, त्याला हे गणित येत असणार ना? त्यानं गणित येतं म्हणून हात जोडायचं सोडलं असेल का?"

तो गप्प बसला, मग म्हणाला, "त्याला जमलं असंल. मला न्हाई जमत."

हे उत्तर मला प्रामाणिक वाटलं. त्याला परत देवाकडे वळवणं हे माझं काम नव्हतंच. पण "देव नाही" इथून "म्हणून अर्थ नाही" इथवर त्यानं जी उडी मारली होती, तिच्यावर आम्ही बरेच दिवस बोललो. गोपाळ गणेश आगरकरांचा विषय निघाला. टेंभूचा माणूस, म्हणजे आपल्या कऱ्हाडकडचा. देवाच्या भरवशावर जगले नाहीत, दम्यानं जेरीस आले, 1895 मध्ये चाळिशीच्या आत गेले. पण 1888 ला 'सुधारक' काढून बालविवाहाविरुद्ध, मुलींच्या शिक्षणासाठी भांडत राहिले. विश्वाला हेतू आहे की नाही हे ठरेपर्यंत ते थांबले नव्हते. मग मी त्याला विचारलं, गेल्या आठवड्यात वेळेचं भान कधी सुटलं? म्हणाला, गावातल्या दहावीच्या पोरांना दुर्बिणीतून शनीची कडी दाखवताना. एक पोरगी डोळा काढेचना.

ताईंचं वेगळंच होतं. पुराच्या दिवसांत त्या कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी दर तासाला बघतात. 39 फूट इशारा, 43 धोका, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, सगळं तोंडपाठ. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं तेव्हा जनावरं त्यांनीच वेळेत हलवली. आणि त्याच ताई नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात दक्षिणद्वार सोहळा आहे म्हटलं की स्नानाला निघतात. पुराचं पाणी देवळात उत्तरेच्या दारातून शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. पाणी कुठून येतं हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांना कारण आणि नमस्कार दोन्ही एकाच वेळी पेलतं. लेकाला पेलत नाही, एवढाच दोघांतला फरक.

मग त्यांना नेमकी भीती कसली? तिसऱ्या भेटीत निघालं. "मी गेल्यावर देव्हाऱ्यात दिवा कोण लावणार? माझं पान कोण वाढणार?"

हे मुलानं पहिल्यांदाच ऐकलं. तो आरतीला उठला नाही, यात आईला आपल्या मरणानंतरचं पोरकेपण दिसत होतं. इथून पुढं बोलणं देवाबद्दल न राहता दोघांबद्दल झालं. ठरलं ते असं : तो खोटी आरती म्हणणार नाही, पण आरतीच्या वेळी घरात थांबेल, प्रसाद वाटेल. वाडीला आईला तोच गाडीवरून नेईल. ताई पाहुण्यांसमोर "बिघडलाय" म्हणणार नाहीत. दिवा लावायला तो लगेच कबूल झाला, "तुझ्यासाठी लावीन, देवासाठी न्हाई" म्हणून. ताईंना हे अर्धंमुर्धं वाटलं, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

श्राद्धाचं मात्र अडलंय. पिंडदान करणार नाही, म्हणतो. त्या दिवशी आईच्या नावानं शाळेला पुस्तकं देईन. ताई म्हणतात, पुस्तकं दे, पण कावळ्यालाही घास ठेव. यावर पुढच्या महिन्यात दोघं परत येणार आहेत.