१०० लिटरच्या मरीन (खाऱ्या पाण्याच्या) टँकमध्ये दोन ब्लू डॅमसेल मासे एकत्र राहतील का? मी नाशिकला असतो
दोन नका ठेवू, एकच ठेवा, आणि तोही बाकीचे सगळे मासे टाकून झाल्यावर शेवटी. दिसायला जेमतेम बोटाएवढा पण दगडातलं एक भोक धरलं की सातबारा आपल्याच नावावर असल्यासारखा वागतो, माझ्याकडचा तर काच पुसायला हात घातला की येऊन अंगठ्याला टोचायचा. समुद्रात हरलेल्याला पळायला जागा असते, तुमच्या टाकीत तो हीटरमागे लपून बसणार, खाणार नाही, शेपटी फाटणार आणि मग काही खरं नाही. आधीच दोन आणले असतील तर दगडांची मांडणी पूर्ण बदला, हद्दीच पुसल्या जातात त्यामुळे कधीकधी भांडण थांबतं, नाही थांबलं तर एक दुकानात परत. पिवळ्या शेपटीचा डॅमसेल त्यातल्या त्यात शांत, पण त्यातल्या त्यातच हां.

आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० ला टेकतो, टाकीचं पाणी २५ ते २७ अंशांत हवं. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) परवडत नसेल तर वरून पंखा लावा, पण मग पाणी भराभर उडतं आणि मीठ खालीच राहतं, म्हणून रोजची घट आरओच्या गोड पाण्यानेच भरा, मिठाच्या नाही. नवीन टाकी सायकल करायला, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू तिच्यात वाढवायला, डॅमसेल टाका असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, नंतर तो पकडायला सगळे दगड उपसावे लागतात.