पुस्तकातली माणसं आणि घरातली माणसं

‘ताई, माझं वय ४४. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. दोन वर्षांपूर्वी मुलगी शिकायला बाहेर गेली, घर खायला उठलं आणि मी वाचनालयात नाव घातलं. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ तर तीनदा वाचून झालं. माझ्यात फरक पडलाय, हे माझं मलाच जाणवतं. पण आता भिशीतल्या बायकांच्या गप्पा नकोशा वाटतात. मिस्टरांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. आठवीत त्यांची शाळा सुटली, धाकट्या दोन भावांना मात्र त्यांनीच शिकवलं. घरी आले की टीव्ही लावतात आणि मला वाचताना बघून म्हणतात, “आता कलेक्टर होणार का?” गेल्या पावसाळ्यात माझा गुडघा धरला होता म्हणून पुस्तक बदलायला ते गेले, तर मी सांगितलेला पहिला भाग सोडून दुसराच घेऊन आले. मी बोलले, “तुम्हाला काय कळतंय त्यातलं!” तेव्हापासून ते वाचनालयाचं नावही काढत नाहीत. पुस्तकांनी मला मोठं केलं की एकटं पाडलं? वाचन कमी करू का?’

प्रिय मैत्रीण,

वाचन अजिबात कमी करू नका. इतकी वर्षं घर, मुलगी, सणवार सगळं निभावल्यावर तुम्हाला स्वतःचा असा एक कोपरा मिळालाय. तो कुणाच्या टोमण्यापायी सोडायचा नाही. ‘कलेक्टर होणार का’ हे बोलणं लागतं आणि ते लागतं हे मिस्टरांना सांगायलाच हवं. मात्र टोमणा आला की त्याच क्षणी नको. एखाद्या निवांत सकाळी चहा घेताना सांगा, ‘तुम्ही असं म्हणता तेव्हा मला वाईट वाटतं.’ एवढंच. पुढे स्पष्टीकरण देत बसू नका.

आता त्या पावसाळ्याकडे येते, कारण तुमचं पत्र वाचताना मी तिथेच अडले.

आठवीत शाळा सुटलेला माणूस दिवसभर गॅरेजमध्ये राबून, हात धुऊन, बायकोसाठी वाचनालयात गेला. पुस्तकांच्या कपाटांसमोर आपण उभं राहणं त्यांना किती अवघड वाटलं असेल, याचा विचार करा. शाळेशी संबंध तुटलेल्या माणसाला अशा जागी एक भीती असते, आपलं अडाणीपण उघडं पडेल याची. तरी ते गेले. कार्ड दाखवून, सही करून पुस्तक घेऊन आले. भाग चुकला. आणि जी भीती घेऊन ते तिथे गेले असतील, तेच नेमकं घरात ऐकायला मिळालं. तुम्ही दुष्टपणे बोलला नाहीत, दुखण्यानं वैतागला होता, हे मला कळतं. पण ते वाक्य त्यांच्या कलेक्टरच्या टोमण्यापेक्षा जास्त खोल गेलंय.

तुम्ही ‘स्मृतिचित्रे’ तीनदा वाचलंत म्हणून विचारते. त्यातले टिळक, म्हणजे लक्ष्मीबाईंचे पती, कवी ना. वा. टिळक, तुम्हाला आवडतात ना? मलाही फार आवडतात. पण ते कसे होते बघा. हातातला पैसा समोरच्याला देऊन मोकळे होणारे, तापट, मनात आलं की घर सोडून चालू लागणारे. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंची पुढची काही वर्षं नवऱ्यापासून दूर, हाल सोसत गेली. असा नवरा आपल्या घरात असता तर आपण चार दिवसही शांत राहिलो नसतो. तरी पुस्तक मिटताना आपल्याला त्यांच्याबद्दल माया वाटते. कारण लक्ष्मीबाईंनी त्यांचं काहीच झाकलं नाही आणि कशाबद्दल डूखही धरला नाही. त्यांनी माणूस पुरता पाहिला. पानामागून पान आपणही त्यांच्या डोळ्यांनी पाहत गेलो.

पुस्तकातल्या माणसाला आपण शेकडो पानांची सवड देतो. तो चुकला, खोटं बोलला, तरी ‘पुढे बघू’ म्हणून पान उलटतो. घरातल्या माणसाचा निकाल मात्र एका वाक्यावर लावून टाकतो. वाचनानं माणूस मोठा होतो तो इथे, असं मला मनापासून वाटतं. किती पुस्तकं झाली, कुठले शब्द कळले, यापेक्षा पुस्तकानं लावलेली ही सवड आपल्या माणसांना मिळते का, हे मी बघते. आठवीत शाळा का सुटली, शिकून मोठे झालेले भाऊ आता कसे वागतात, हे त्यांना तुम्ही शेवटचं कधी विचारलं होतं? कादंबरीत असा माणूस भेटला असता तर तुम्ही रात्रभर जागून त्याचं पुढे काय झालं ते वाचलं असतं.

तेव्हा आधी त्या वाक्याबद्दल त्यांची माफी मागा. ‘तुम्ही माझ्यासाठी गेलात आणि मी तसं बोलले, चुकलं माझं,’ इतकं सरळ.

मग एक करून बघा. आपल्याकडे श्रावणात पोथी लावतात. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात आणि ऐकणाऱ्याला अक्षरओळख आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. तसं रात्री जेवणं झाल्यावर टीव्हीच्या आधी किंवा नंतर अर्धा तास मोठ्यानं वाचा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. १९५५ सालची छोटीशी कादंबरी आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर शाळा चालवायला जातो. शाळेत मुलं नाहीत, मेंढरांमागे गेलेली. माणदेशाचा तो मुलूख, ती माती, ते बोलणं मिस्टरांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ओळखीचं असण्याची शक्यता आहे. ‘असं खरंच असायचं का हो?’ असं त्यांना विचारा. आणि तुम्हीही त्या मास्तराकडे नीट बघा. वाडीवर लिहिता-वाचता येणारा तो एकटा, पण वाचून झाल्यावर एकही धनगर त्याच्यापेक्षा लहान वाटत नाही.

त्यांना झोप लागली तर लागू द्या. ‘काय समजलं’ असं परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका. आणि त्यांनी ‘मला नको’ म्हटलं तर तेही मान्य करा. त्यांनी वाचक व्हावं असा माझा आग्रह नाही, तुमचाही नसावा.

राहिलं एकटेपण. ते खरं आहे आणि ते सगळं घरात भरून निघणार नाही. वाचलेल्यावर बोलायला वाचणारं माणूसच लागतं. वाचनालयं १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन करतात, पण बाकी वर्षभर काय? तुमच्या ग्रंथपालांना विचारा, महिन्यातून एकदा चार वाचकांना बसायला जागा द्याल का? बहुतेक वेळा ते हो म्हणतात, कारण असं विचारायला सहसा कुणी येत नाही. ‘स्मृतिचित्रे’ नेणाऱ्या आणखी बायका तुमच्या गावात असणारच.

भिशी मात्र सोडू नका. गुडघा दुखत होता तेव्हा डबा घेऊन त्यांच्यातलीच कुणीतरी आली असेल, नाही का?

तुमची ताई