कम्युनिटी कॉलेज केलेल्यांचं पुढे काय होतं : सॅन होजेला येणाऱ्या पल्लवीला उत्तर

पल्लवी, तू ताई म्हणून हाक मारलीस म्हणून सरळ अगंतुगं करते. तू विचारलं आहेस की नवऱ्याला कंपनी एल-1 या बदलीच्या विसावर सॅन होजेला पाठवते आहे, मुलगा अकरावीत आहे, लवकरच सतरा पूर्ण होतील, थेट चांगल्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळणं अवघड दिसतंय, तर कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला, घातलं तर पुढे करिअरचं काय होतं? प्रश्न वाचला आणि रात्री झोप लागली नाही. माझी लेक त्याच वाटेने गेली, आणि पुढे मीही थोडी गेले.

प्रवेश कसा घ्यायचा, अर्ज कुठे भरायचा, हे कॉलेजांच्या साइटवर छान लिहिलेलं आहे. ते मी सांगत बसत नाही.

आधी एक डोक्यातून काढ. इथे येण्याआधीच आपल्या लोकांकडून तुला ऐकवलं जाईल की कम्युनिटी कॉलेज म्हणजे ज्यांना कुठेच मिळत नाही त्यांच्यासाठी. कॅलिफोर्नियात अशी 116 कॉलेजं आहेत. 1960 साली राज्याने उच्च शिक्षणाचा जो आराखडा केला, त्यातच ठरलं होतं की गुणांनी वरची मुलं यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात), त्यानंतरची कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांसाठी उघडं. तिथून दोन वर्षांनी वर जायची वाटही त्याच आराखड्यात आहे. स्टेट युनिव्हर्सिटीचे जवळजवळ निम्मे पदवीधर असे आलेले असतात. यूसीत नव्याने येणाऱ्या साधारण तीन मुलांमागे एक ट्रान्सफरचं, म्हणजे असं दुसऱ्या कॉलेजातून आलेलं, असतं. मंडळाच्या गणपतीत "कुठे आहे मुलगी?" असं विचारून उत्तर ऐकल्यावर ज्यांनी विषय बदलला, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

पण तू करिअरचं विचारलंस, आणि त्याचं खरं उत्तर कॉलेजपेक्षा विसात आहे. हे मला इथे कुणीच आधी सांगितलं नाही, म्हणून तुला सविस्तर सांगते.

तुझा मुलगा एल-2 वर, म्हणजे एल-1 वाल्याच्या कुटुंबाच्या विसावर, येईल. तुला एल-2 वर लगेच नोकरी करता येईल, पण त्याला नाही. शिकता येईल, पैसे मिळणारं कुठलंही काम करता येणार नाही. कॉलेजच्या लायब्ररीतलं काम नाही, पगारी इंटर्नशिप नाही, इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप तर नाहीच, कारण तिथे पहिल्या दिवसापासून पगार असतो. आणि एकवीस पूर्ण झाले की तो तुमच्या विसावर राहूच शकत नाही. त्याला एफ-1, म्हणजे विद्यार्थ्याचा विसा, घ्यावा लागतो. मधल्या काळात ग्रीन कार्ड होईल या भरवशावर राहू नकोस. भारतात जन्मलेल्यांची रांग बहुतेक प्रकारांत दहा वर्षांहून लांब आहे.

आमच्या घरी हे असं घडलं. आम्ही 2017 मध्ये सांगलीहून आलो, नवरा एच-1 या नोकरीच्या विसावर, आम्ही मायलेकी एच-4 या त्याच्या कुटुंबाच्या विसावर. लेक दहावी करून आलेली, गणितात चांगली. हायस्कूलच्या काउन्सेलरने तिची बोर्डाची मार्कशीट हातात घेतली आणि विचारलं, "हिने जॉमेट्री कधी केली?" आपल्याकडे गणित भाग 1 बीजगणित आणि भाग 2 भूमिती, दोन्ही एकाच वर्षी, मार्कशीटवर नुसतं 'गणित' आणि शंभरपैकी गुण. इथे एक वर्ष अल्जिब्रा, एक वर्ष जॉमेट्री, मग पुन्हा अल्जिब्रा. मी पुस्तकं दाखवली, परीक्षा घ्या म्हटलं. नाही. मुलीला अकरावीत आपल्यापेक्षा लहान मुलांबरोबर जॉमेट्रीला बसवलं. मराठी, हिंदी, संस्कृत शिकलेल्या मुलीला परकीय भाषा आली पाहिजे म्हणून पहिल्या पायरीचं स्पॅनिश. बारावी संपली तेव्हा ती कॅल्क्युलसपर्यंत पोचलीच नव्हती, आणि इंजिनिअरिंगला अर्ज करणारी बाकीची मुलं ते करून मोकळी झालेली. मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवत होते. चांगल्या विद्यार्थ्याचं एक वर्ष कागदावरून कसं खाल्लं जातं हे समोर बसून बघावं लागलं. आजही त्या शाळेवरून गाडी गेली की माझा सूर बिघडतो, नवरा रेडिओ मोठा करतो.

म्हणून तुझा मुलगा बारावी तिकडेच पूर्ण करून येऊ दे, हे माझं ठाम मत. तू म्हणशील एक वर्ष लांब कसा ठेवू. ठेव. आजी-आजोबा आहेत म्हणतेस. इथल्या बारावीत त्याला मधेच घालून जे होईल ते मी वर लिहिलंय. अठरा पूर्ण झालेल्या कुणालाही कम्युनिटी कॉलेज घेतं आणि गणितात त्याची पातळी कुठली हे तिथे बऱ्याच समजूतदारपणे ठरवतात. माझ्या लेकीचं गणित तिथेच मार्गी लागलं. प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलसची सगळी मालिका, फिजिक्स. पंचवीस-तीस जणांचा वर्ग, आणि शिकवणारे असे की ऑफिस अवर्सना दार उघडं ठेवून बसलेले. एका प्राध्यापिकेने तिला पहिल्या चाचणीनंतर थांबवून विचारलं होतं, "तू इथे पोचायला इतका उशीर का केलास?" लेक घरी येऊन हसत सांगत होती, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

फीचं गणित बघ. कॅलिफोर्नियाचा रहिवासी ठरलेल्याला 2012 पासून सेमिस्टरच्या एका युनिटला (क्रेडिटला) 46 डॉलर आहेत. ट्रान्सफरला 60 युनिट लागतात, म्हणजे सगळं मिळून 2,760 डॉलर. रहिवासी नसलेल्याला याच्या कित्येक पट. रहिवासी ठरायला राज्यात एक वर्षाहून जास्त वास्तव्य लागतं आणि एल, एच-1, एच-4 वाल्यांना रहिवासी ठरता येतं. हे तिथल्या खिडकीवरच्या माणसालाही ठाऊक असेल असं धरून चालू नकोस. आम्हाला पहिलं बिल परदेशी विद्यार्थ्याच्या दराने आलं. घरभाड्याचा करार नवऱ्याच्या नावे, विजेचं बिल नवऱ्याच्या नावे, आणि मुलगी अठरा पूर्ण, म्हणून तिच्या स्वतःच्या नावाचे पुरावे हवेत. नोकरी करायला बंदी असलेल्या मुलीच्या नावाने कसले पुरावे असणार? शेवटी त्यांच्याच साइटवरची विसाच्या प्रकारांची यादी छापून नेली आणि एच-4 च्या ओळीवर बोट ठेवलं. तू आलीस की पहिल्या महिन्यात बँकेचं खातं त्याच्याही नावाने उघड, आणि तो पोचला की स्टेट आयडी काढ. राज्याचे टॅक्स रिटर्न जपून ठेव. तो वर्षभराने आला तर त्याच्या वर्षाची मोजणी कशी करतात ते त्या कॉलेजकडून लेखी घे.

आता वाटा. ट्रान्सफरची वाट सगळ्यांना माहीत असते. असिस्ट नावाची साइट आहे, तिथे कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या युनिव्हर्सिटीत धरला जातो ते कळतं. पहिल्या टर्मच्या आधी मुलाला तिच्यासमोर बसव. काउन्सेलरच्या तोंडी सांगण्यावर विषय निवडू नका. टॅग म्हणून प्रवेशाची हमी असते, पण ती यूसीच्या सहाच कॅम्पसना. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. आणि 'दोन वर्षांत ट्रान्सफर' हे वाक्य सगळे म्हणतात, होतं मात्र थोड्यांचं. राज्याच्या लेखापरीक्षकांनी 2024 मध्ये अहवाल दिला, त्यात ट्रान्सफरच्या इराद्याने आलेल्या मुलांपैकी चार वर्षांत पाचातलं एकच पुढे गेलेलं दिसलं. बरीच मुलं नोकरी करून शिकतात हे एक कारण. एखादा विषय त्या टर्मला नसतोच, किंवा घेतलेला विषय पुढे धरत नाहीत, हीही आहेत.

माझ्या लेकीला तीन वर्षं लागली, त्यात कोविडही आला. सॅन होजे स्टेटला सिव्हिलला प्रवेश मिळाला, आणि नेमकी त्याच सुमाराला ती एकवीसची झाली. एफ-1 वर रहिवासी धरत नाहीत. म्हणजे ज्या राज्यात ती वाढली तिथे तिने बाहेरच्याची फी भरली. तुझ्या मुलाची जन्मतारीख आणि ट्रान्सफरचं वर्ष एकाखाली एक लिहून बघ, तुमचीही तीच गाठ पडते की नाही ते आत्ताच दिसेल.

दुसरी वाट कॉलेजातूनच थेट कामाला लागण्याची. आपल्या घरांतून ती कुणी विचारातच घेत नाही, आणि मला ते फार खटकतं. इथला नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स करणारा आणि चार वर्षांची पदवी घेणारा, दोघं लायसन्सची एकच परीक्षा देतात. देशात नर्सला सगळ्यात जास्त पगार याच राज्यात आहे. अर्थात आधी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी करावी लागते आणि मग जागा मिळण्यासाठी थांबावं लागतं. सॅन होजेजवळच्या फूटहिल कॉलेजला एक्स-रे तंत्रज्ञ, रेस्पिरेटरी थेरपी, डेंटल हायजीन आहे. डेंटल हायजीनची तर तिथे पूर्ण पदवीच मिळते, कारण 2014 च्या कायद्याने काही कम्युनिटी कॉलेजांना पदवी द्यायची मुभा मिळाली आणि 2021 मध्ये ती कायम झाली. तिथल्याच डी अँझा कॉलेजला मोटार दुरुस्तीचं शिक्षण आहे.

माझ्या मैत्रिणीचा मुलगा रेस्पिरेटरी थेरपिस्ट झाला. कोविडात तो रात्र-रात्र व्हेंटिलेटरजवळ उभा असायचा, रुग्णाची नळी काढायची की नाही या चर्चेत डॉक्टर त्याचं मत विचारायचे. स्वतःच्या कमाईवर तो व्यवस्थित राहतो. आणि आता लग्नाचं बघताना स्थळांकडून पहिला प्रश्न येतो, "म्हणजे इंजिनिअर नाही का?" मैत्रीण ते सांगते तेव्हा तिचा आवाज कापतो. त्या मुलाचा मला फार अभिमान वाटतो. पण पल्लवी, त्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं. तुझ्या मुलाने हाच कोर्स एल-2 वर केला तर हातात सर्टिफिकेट येईल आणि काम करता येणार नाही. एफ-1 वर केला तर दोन वर्षांच्या पदवीवर एक वर्ष काम करता येतं. सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांना मिळणारी वाढीव दोन वर्षं त्या पदवीवर नाहीत, त्यासाठी चार वर्षांचीच लागते. एच-1 लाही साधारण तीच लागते. म्हणून तुमच्या बाबतीत ट्रान्सफर हीच वाट उरते. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण मुलगा हाताने काम करण्यात रमणारा असेल तर त्याच्यावर हा अन्याय आहे.

माझं सांगते. एच-4 वर मला काम करता येत नव्हतं. नवऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला आय-140 अर्ज मंजूर झाल्यावर कामाचं परमिट मिळालं, तोवर मी कम्युनिटी कॉलेजात बालशिक्षणाची 12 युनिट करून ठेवली होती, इथल्या प्रीस्कूलमध्ये शिकवायला तेवढी लागतात. वर्गात माझ्यासारख्या कितीतरी जणी होत्या, कुणी आर्किटेक्ट, कुणी पुण्यातली वकील. आज मी चार वर्षांच्या मुलांना शिकवते आणि ती मुलं मला प्राणापलीकडे आवडतात. तरी एखादं मूल लाल कोबीच्या पाण्यात लिंबू पिळून रंग बदलताना बघतं आणि "का?" विचारतं, तेव्हा सांगलीतली माझी लॅब आठवून जीव गलबलतो. हे दोन्ही खरं आहे, आणि यातलं एक निवडायला मला सांगू नका.

एकटेपणाचं विचारलंस. येतो, पहिला हिवाळा वाईट जातो, मग माणसं मिळतात. तू कामाला लाग, तुला ती मुभा आहे. मुलाचं एकटेपण वेगळं. कम्युनिटी कॉलेजला हॉस्टेल बहुधा नसतं, वर्ग संपला की सगळे आपापल्या कामावर जातात आणि तुमचा मुलगा कामावर जाऊ शकत नाही. त्याला एखाद्या क्लबमध्ये किंवा गणिताच्या ट्युटरिंग सेंटरमध्ये जायची सवय पहिल्याच टर्मला लागू दे.

लेक आता एका फर्ममध्ये पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची कामं करते, एफ-1 नंतरच्या परवान्यावर. एच-1 च्या लॉटरीत तिचं नाव अजून लागलेलं नाही. परवा फोनवर म्हणाली, "आई, नाही लागलं तर पुण्याला जाईन, मला तिथेही काम येईल." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र नवऱ्याशी नीट बोलता आलं नाही.

तुझ्या मोठ्या पत्रात एक गोष्ट कुठेच नव्हती, मुलाला स्वतःला काय शिकायचंय ती. त्यालाच मला लिहायला सांग. मराठीत लिहिलं तरी चालेल, इंग्रजीत लिहिलं तरी चालेल. त्याची जन्मतारीखही कळव, म्हणजे पुढच्या चार वर्षांच्या तारखा आपण एकत्र मांडू.