राउटरची 'ओळख' म्हणावी का 'नावगाव'?

पॉलिटेक्निकमधला एक पोरगा एमपीएलएसच्या (पॅकेटवर आकड्याचं लेबल लावून ते पुढं धाडायची पद्धत) नोट्स मराठीत लिहून काढतोय, त्याचा प्रश्न आहे की 'एलडीपी राउटर आयडी'ला (एलडीपी म्हणजे राउटर एकमेकांना लेबल कळवतात तो प्रोटोकॉल) 'राउटरचं ओळखपत्र' आणि 'लेबल डिस्ट्रिब्युशन'ला 'लेबल वाटप' म्हटलं तर चालेल का. मी तालुक्याच्या ठिकाणी नेटवर्कचंच काम करतो आणि शब्दांचा नाद लहानपणापासूनचा, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

भाऊ, ओळखपत्र नको. ते दुसरं कोणीतरी बनवून देतं, शिक्का मारतं, आपण खिशात ठेवतो न् मागितलं की दाखवतो. राउटरला असं कोणी देत नाही. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर बहुतेक राउटर स्वतःच ठरवतो, लूपबॅकवरचा (राउटरच्या आतला, नुसता मानलेला इंटरफेस, म्हणजे जोडणीची जागा) सगळ्यात मोठा आयपी घेतो, लूपबॅक नसेल तर चालू इंटरफेसपैकी मोठा. म्हणून 'ओळखक्रमांक' त्यातल्या त्यात बरा, आणि ओएसपीएफच्या (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल) धड्यात तोच लिहा, कारण तिथं राउटर आयडी नुसतं नाव असतं, त्या आकड्यापर्यंत कोणाला पोचता आलं नाही तरी काही अडत नाही.

पण एलडीपीत अडतं. मराठीत 'ओळख' शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक म्हणजे मी कोण ते, आणि दुसरा म्हणजे तुमचा-माझा परिचय. आमच्याकडे वऱ्हाडीत 'वयख' म्हणतात, पण 'तिथं वयखीचं कोणी हाये का' असं विचारलं की तो दुसरा अर्थ असतो, त्याच्यापर्यंत आपल्याला जाता येते का हा. आणि एस्टी स्टँडवर म्हातारा माणूस पोराला नुसतं नाव नाही विचारत, 'कोणत्या गावचा होय तू, कोणाचा होय' असं विचारतो. नाव आणि ठिकाण एका दमात.

एलडीपीचा हॅलो म्हणजे असाच रामराम आहे. दर ५ सेकंदांनी राउटर आपल्या लिंकवर २२४.०.०.२ ला (लिंकवरच्या सगळ्या राउटरचा सामाईक पत्ता), यूडीपीच्या ६४६ पोर्टवर, हॅलो टाकतो आणि त्यात आपला आयडी सांगतो, १०.२०.१.७:० असा. पहिले चार बाइट राउटरचे, शेवटचे दोन बाइट लेबलच्या साठ्याचे, तिथं शून्य म्हणजे सगळ्या राउटरला मिळून एकच साठा. आता मुद्दा असा की वेगळं काही सांगितलं नसेल तर हाच १०.२०.१.७ 'मला भेटायचं तर इथं या' असा पत्ता पण असतो, शेजारी त्याच पत्त्याशी टीसीपीनं सेशन (पक्की जोडणी) जोडतो. म्हणजे त्या पत्त्याचा रूट (रस्ता) शेजाऱ्याकडे पाहिजेच. नसला तर हॅलो येतात, जातात, सेशन काही उठत नाही, आणि डिस्कव्हरी (हॅलोतून सापडलेल्या शेजाऱ्यांची यादी) बघितली की आयडीच्या पुढं 'नो रूट' लिहिलेलं दिसतं. नाव कळलं, गाव सापडलं नाही. म्हणून मी याला 'नावगाव' म्हणतो, आणि नवीन पोरांना सांगताना हा शब्द लगेच समजतो.

एक अनुभव सांगतो. एका साइटवर लूपबॅक टाकलाच नव्हता, आयडी फायबरच्या इंटरफेसवरून उचललेला. पांदण रस्त्याचं काम चालू होतं, जेसीबीनं फायबर तोडला. दुसरी लिंक ठणठणीत होती पण इंटरफेस पडला तसा आयडीच गेला, राउटरनं दुसरा आयडी घेतला आणि चांगल्या लिंकवरचं सेशन पण तुटून नव्यानं उभं राहिलं. धुरा (वावराचा बांध) वाहून गेला म्हणून माणसाचं आडनाव बदलावं, तसं झालं हे. लूपबॅक कोणत्या तारेला बांधलेला नसतो, म्हणून आयडी तिथूनच द्यायचा आणि त्याचा /३२ (त्या एकाच पत्त्याचा रूट) आयजीपीत (ओएसपीएफसारख्या आतल्या रूटिंग प्रोटोकॉलमध्ये) टाकायचा.

आता 'लेबल वाटप'. 'वितरण'पेक्षा 'वाटप' मला आवडतो, 'वाटणी' मात्र चुकूनही लिहू नका, वाटणी म्हटलं की वावर डोळ्यासमोर येते, भावाला गेलं ते माझं राहिलं नाही. इथं तसं काही होत नाही. पुढचा राउटर मागच्याला कळवतो की त्या नेटवर्ककडे जाणारं पॅकेट माझ्याकडे धाडायचं असेल तर त्यावर २४ लिहून धाड. तो आकडा फक्त त्या दोघांपुरता, पुढच्या टप्प्याला २४ खोडून ३१ लागेल. मग खरं तर हे 'लेबल कळवणं' आहे. नोट्समध्ये मथळा 'लेबल वाटप' ठेवा आणि पहिल्याच वाक्यात 'कळवणं' वापरा, पोरांचा गोंधळ होणार नाही. लेबलला 'चिठ्ठी' म्हणायचा मोह मला पण झाला होता, पण बियाण्याच्या थैलीवरचं लेबल आमच्या कास्तकारानं रोज पाहिलेलं आहे, तो शब्द आता मराठीच झाला.

राहिली आयडी लूपबॅकवरून घ्यायला लावणारी कमांड, 'एमपीएलएस एलडीपी राउटर-आयडी लूपबॅक० फोर्स'. ती भाषांतरात घेऊ नका, टाइप करताना जशी लागते तशीच ठेवा. समजावून सांगताना 'फोर्स'चं 'जबरदस्तीनं' करू नका, इथं त्याचा अर्थ 'आत्ताच' एवढाच आहे. फोर्स नसेल तर जुना आयडी ज्या इंटरफेसचा आहे तो पडेपर्यंत किंवा राउटर रीलोड होईपर्यंत नवा लागू होत नाही, लोक कमांड मारतात आणि काहीच बदललं नाही म्हणून डोकं धरून बसतात. फोर्स असेल तर आयडी तिथल्या तिथं बदलतो आणि त्या राउटरची सगळी एलडीपी सेशन पडून परत उभी राहतात, म्हणून दिवसा नका मारू, रात्री मारा.